किती गेले ते मोजलं, पण कोणासोबत गेले?

गेल्या आठवड्यात आमच्या वाचनगटात पेपर मांडायची पाळी माझी होती. मी ‘फ्लॉकिंग टू मॅस्टोडॉन’ घेतला. २०२३च्या इंटरनेट मेजरमेंट कॉन्फरन्समधला हा पेपर माझ्या प्रबंधाच्या विषयात अगदी मध्यभागी बसतो. मांडून झाल्यावर मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, “ठीक आहे. पण परत किती आले?” मला उत्तर देता आलं नाही. पेपरात ते नाहीये. आणि घरी येऊन बघितलं तर माझ्या स्वतःच्या संशोधन आराखड्यातही नाहीये! म्हणून ही पोस्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर (आताचं एक्स) विकत घेतलं. अनेक वापरकर्ते नाराज झाले आणि मॅस्टोडॉनकडे वळले. युजेन रोचको या जर्मन प्रोग्रॅमरने २०१६ मध्ये हे सॉफ्टवेअर आणलं. ट्विटर म्हणजे एका मालकाची एकच इमारत. मॅस्टोडॉन म्हणजे हजारो वेगवेगळे सर्व्हर, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. तरी एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो. जीमेलवरून याहूला मेल जातो ना, तसंच. यामागे अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल आहे. २०१८ पासून तो वेबचं अधिकृत मानक आहे.

आता पेपर. संशोधकांनी २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या ट्विट्समध्ये मॅस्टोडॉनचे उल्लेख आणि लिंका शोधल्या, प्रोफाइलमधून लोकांचे मॅस्टोडॉनवरचे पत्ते काढले आणि १,३६,००९ खाती दोन्हीकडे जुळवली. काम मेहनतीचं आहे आणि निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. सर्व्हर हजारो असले तरी गर्दी मोजक्या मोठ्या सर्व्हरवरच झाली, म्हणजे विकेंद्रित जागेतही केंद्रं तयार झाली. शिवाय गेलेल्यांपैकी बहुतेक जण दोन्हीकडे वावरत होते. हे सगळं मला पटतं.

माझी पहिली तक्रार मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. ज्यांनी ‘मी चाललो, हा माझा नवा पत्ता’ असं जाहीर केलं, तेच सापडले. ज्यांनी ट्विटर गुपचूप बंद केलं आणि कुठेच गेले नाहीत, ते या हिशोबात नाहीत. आणि मोजणी नोव्हेंबरला थांबली. खरी गोष्ट त्यानंतर घडली. मॅस्टोडॉनचे मासिक सक्रिय वापरकर्ते त्या लाटेत २५ लाखांच्या वर गेले आणि जानेवारी २०२३ संपेपर्यंत १४ लाखांच्या आसपास आले. लाट आली तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. ओहोटीचा फोटो कुणाकडेच नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे, ती ‘स्थलांतर’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की ऊसतोड आठवते. बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघणारा माणूस एकटा निघत नाही. मुकादम टोळी जमवतो आणि टोळी मोजतात ती कोयत्यांमध्ये. एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. हंगाम संपला की माणसं गावी परततात. दोन्हींची तुलना नाही, तिथे पोटाचा प्रश्न आहे. पण स्थलांतराच्या अभ्यासकांना दोन गोष्टी पूर्वीपासून ठाऊक आहेत: माणसं टोळीने जातात आणि पुष्कळदा परत येतात. सोशल मीडियाच्या अभ्यासाने शब्द उसना घेतला, त्यातलं हे शहाणपण मात्र मागेच राहिलं.

गंमत म्हणजे याचा पुरावा याच पेपरात पडलेला आहे. गेलेली व्यक्ती ट्विटरवर ज्यांना फॉलो करत होती, त्यांच्यापैकी सरासरी ६ टक्क्यांच्या आसपासच लोक मॅस्टोडॉनवर आले. म्हणजे शंभर ओळखीच्या माणसांमागे सहा! बाकीचा गोतावळा जुन्याच घरी. माझ्या मते पेपरातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे, पण त्याचा पुरेसा अर्थ लावलेला नाही. ‘कोण स्थलांतर करेल’ याचं भाकीत करण्यापेक्षा ‘कोण टिकेल’ हे विचारायला हवं होतं.

भारतात हे आधीच दिसलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने निलंबित केलं. नाझी सलाम करणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या माणसाचा प्रसिद्ध फोटो त्यांनी प्रोफाइलवर लावला होता. त्याच सुमारास निळी टिक देताना जात बघितली जाते, असा आरोप दलित-बहुजन वापरकर्त्यांनी केला. नोव्हेंबरमध्ये भारतातून मॅस्टोडॉनवर लोंढा आला. पण तो जातीचा वाद लढला गेला तो ट्विटरवरच, ट्विटरच्याच ट्रेंडमध्ये. आणि ते साहजिक होतं. ज्याचं म्हणणं वर्तमानपत्र छापत नाही, त्याच्यासाठी ट्रेंड हे हत्यार असतं. मॅस्टोडॉनने असा गदारोळ होऊ नये म्हणून काही सोयी मुद्दामच ठेवल्या नव्हत्या. दुसऱ्याची पोस्ट उद्धृत करून त्यावर बोलण्याची सोय तर तिथे २०२५ मध्ये आली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वापरकर्त्यांनी २०२२ मध्ये हीच तक्रार केली होती. एकाची शांतता दुसऱ्याची मुस्कटदाबी ठरू शकते, हे आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही.

मग छोट्या जागा निरुपयोगी आहेत का? अजिबात नाही. कू आठवतं? मराठीसकट भारतीय भाषांसाठी काढलेलं अ‍ॅप. जुलै २०२४ मध्ये कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. मालक एक, कुलूपही एकच. मॅस्टोडॉनवर माझा स्वतःचा सर्व्हरही असाच बंद पडला. चालवणारा एकटा होता, नोकरी सांभाळून जमेना, त्याने तीन महिने आधी कळवलं. माझे फॉलोअर्स नव्या सर्व्हरवर आपोआप आले, पोस्ट मात्र आल्या नाहीत, तशी सोयच नाही. वर्षभराचं लिखाण गेलं, त्याचं वाईट वाटलं. पण माणसं राहिली. कूवर मी असते तर दोन्ही गेलं असतं.

विकेंद्रीकरणाचा खरा फायदा मला इथे दिसतो, आणि मर्यादाही इथेच. प्रोटोकॉल तुमची नाती एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेऊ शकतो. पण ती नाती आधी तिथे असावी लागतात. ट्विटरवरून मॅस्टोडॉनवर येताना ती प्रत्येकाला हाताने पुन्हा जोडावी लागतात आणि समोरचा आलाच नसेल तर जोडणार तरी काय?

तर, प्रबंधात बदल करतेय. एकेक खातं मोजण्याऐवजी जोड्या मोजणार: ट्विटरवर एकमेकांशी बोलणारे दोघे नव्या जागी सहा महिन्यांनीही बोलतायत का? अडचण अशी की २०२३ पासून ट्विटरचा डेटा संशोधकांना फुकट मिळत नाही. त्यामुळे नमुना लहान असेल, मुलाखती जास्त घ्याव्या लागतील आणि एक लाख छत्तीस हजारांसारखा भारदस्त आकडा माझ्या पहिल्या पानावर नसेल. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, “चालेल. उत्तर तर असेल ना?”