‘पहिला संगणक कोणता?’ हा प्रश्न सिनॉप्सिसमधून काढून टाका

मानोऱ्यात बारावीनंतरच्या सुट्टीत कॉम्प्युटरचा क्लास लावला, तेव्हा पहिल्याच दिवशी वहीत एक शिडी उतरवून घेतली होती. अबॅकस, मग पास्कलचं बेरजेचं यंत्र, मग ‘संगणकाचे जनक’ चार्ल्स बॅबेज, मग एनिॲक, मग आपण. तुमच्याही वहीत ती असणारच. पाच मार्कांचा प्रश्न असायचा त्यावर.

गंमत अशी, की पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्येही मी हीच शिडी जरा भारदस्त शब्दांत लिहून दिली. गाइडनी पूर्ण परिच्छेदाला पेन्सिलीने कंस केला आणि बाजूला दोनच शब्द लिहिले: ‘म्हणून काय?’ राग आला. पण उत्तर शोधायला बसले, तेव्हा कळलं की ते माझ्याकडे नव्हतं. ती शिडी नेमकी कुठे मोडते, ते आज सांगते. तुमच्या ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’मध्येही बहुधा अशीच एक शिडी उभी आहे.

पहिली पायरी: बॅबेजचं अपयश

बहुतेक पुस्तकांत एक वाक्य असतं: बॅबेज काळाच्या पुढे होता, त्या काळचं तंत्रज्ञान कमी पडलं. वाचायला छान, पण तपासलं की डळमळतं. बॅबेजने डिफरन्स इंजिनची कल्पना १८२२ साली मांडली. गणिती कोष्टकांतल्या माणसांच्या चुका टाळायच्या, हा हेतू. सरकारने सुमारे १७ हजार पौंड घातले. १८३३ साली काम थांबलं, १८४२ साली सरकारने हात झटकले.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. स्वीडनच्या शॉइट्झ बापलेकांनी १८५३ साली त्याच तत्त्वावरचं, साधं पण चालणारं यंत्र पूर्ण केलं. आणि लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ साली बॅबेजच्याच दुसऱ्या आराखड्यावरून यंत्र बांधलं. भाग घडवताना एकोणिसाव्या शतकात जमेल तेवढाच अचूकपणा ठेवला. ते चाललं.

म्हणजे ‘तंत्रज्ञान नव्हतं’ एवढ्यावर भागत नाही. कारागीर जोसेफ क्लेमेंटशी झालेला वाद, वाढता खर्च, जुनं अर्धवट असताना नव्या ॲनालिटिकल इंजिनकडे वळलेलं बॅबेजचं मन, हे सगळं हिशेबात घ्यावं लागतं. शिडी हे सांगत नाही. तिला फक्त नाव आणि साल हवं असतं.

दुसरी पायरी: जी शिडीवर नाहीच

बॅबेजनंतर शिडी उडी मारते ती थेट पंचकार्डांवर किंवा विजेच्या यंत्रांवर. मधल्या काळात चाकांची यंत्रं गप्प बसली होती का? अजिबात नाही. त्यातलं एक तर मुंबईसाठी राबत होतं.

आपल्या वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून जहाजावर चढायचा. १८८० साली तिथे प्रिन्सेस डॉक सुरू झाला. अशा गोदीचे दरवाजे भरतीच्या सुमारास उघडतात. म्हणजे उद्या, परवा, सहा महिन्यांनी भरती किती वाजता आणि किती फूट, हे आधी कळायला हवं. अपोलो बंदराच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ए. डब्ल्यू. बेअर्ड यांनी देशातल्या बंदरांवर हे काम उभं केलं.

भरती म्हणजे एकच लाट नव्हे. चंद्रामुळे येणारी मुख्य लाट सुमारे १२.४२ तासांची, सूर्याची बरोबर १२ तासांची, शिवाय लहानमोठ्या आणखी कितीतरी. या सगळ्यांची बेरीज म्हणजे भरती. वर्षभराची बेरीज हाताने करायची तर माणूस म्हातारा व्हायचा. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७०च्या दशकात त्यासाठी यंत्र करवून घेतलं. त्यावर काम केलेल्या एडवर्ड रॉबर्ट्स यांनी १८७९ साली खास भारतातल्या बंदरांसाठी मोठं यंत्र आखलं. सुरुवातीला त्यात २० घटक होते, पुढे २४ झाले.

रचना विहिरीवरच्या कप्पीसारखी समजा. प्रत्येक लाटेसाठी एक कप्पी. दात्यांची चाकं तिला त्या लाटेच्या वेगाने वर-खाली हलवतात. एकच दोरी सगळ्या कप्प्यांवरून-खालून जाते. तिचं एक टोक बांधलेलं, दुसऱ्या टोकाला पेन. कप्प्या हलल्या की दोरी त्यांची बेरीज करते आणि पेन कागदावर भरतीची रेघ ओढतं. वर्षभराचा अंदाज काही तासांत!

हे यंत्र होतं मात्र लंडनमध्ये. मुंबईची भरती तिथे काढली जायची. ते देहरादूनला आलं थेट १९२०च्या दशकात.

आणि माणसं?

दोरीने बेरीज केली खरी. पण कुठली लाट किती मोठी, हे आकडे यंत्राला कोण देणार? भरतीमापकाच्या नोंदींवरून ते काढायला माणसंच बसायची. सर्व्हेमध्ये ‘कॉम्प्युटर’ हे हुद्द्याचं नाव होतं. राधानाथ सिकदार तिथेच चीफ कॉम्प्युटर झाले. शिडीवर यंत्रं चढली, ही माणसं खालीच राहिली. यंत्राने श्रम संपवले, असं लिहिण्याआधी श्रम कुठे सरकले ते बघा.

शिडीची बाजू

न्याय करायचा तर हेही सांगायला हवं. भरतीचं यंत्र एकच काम करायचं, त्याला नवी आज्ञा देता येत नव्हती. ॲनालिटिकल इंजिनच्या आराखड्यात ती सोय होती. म्हणून ‘आजच्या संगणकाची कल्पना कुठून आली?’ असा प्रश्न असेल, तर बॅबेजचा मान रास्तच. पण ‘त्या काळात यंत्राने गणित कोण, कशासाठी करत होतं?’ हा वेगळा प्रश्न आहे. शिडी पहिल्याचं उत्तर देते आणि दुसऱ्याचंही दिलं असं भासवते. माझी चूक नेमकी हीच होती.

तर आढावा लिहिताना प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारा. हे कुणाच्या गरजेसाठी झालं? ते खरंच वापरलं गेलं का? त्याआधी आणि त्यानंतर ते काम कुणाचे हात करत होते? उत्तर सापडलं नाही, तर ते नाव सध्या खोडा.

माझा चार पानांचा इतिहास असा दीड पानावर आला. त्या दीड पानाला कंस पडला नाही. बाजूला पुन्हा दोनच शब्द होते: ‘पुढे लिहा.’