शांता आपटे : गळा आणि भूमिका

गाणारी स्त्री रंगभूमीवर किंवा पडद्यावर आली, म्हणजे तिच्या गाण्याची तेवढी तारीफ करावयाची आणि अभिनयाविषयीं दोन सौम्य शब्द बोलून मोकळें व्हावयाचें, असा आमच्या टीकेचा जुना प्रघात आहे. संगीत नाटकानें आमच्या कानांस जें वळण लावलें, त्याचाच हा परिणाम होय. पदासाठीं कथा थांबावी, 'वन्समोअर' घ्यावा, आणि मग पात्रानें पुन्हा आपल्या दुःखाकडे वळावें, ह्यांत आम्हांस कधीं विपरीत वाटलें नाहीं. शांता आपटे ह्यांच्या वाट्यास अशी अर्धवट स्तुति पुष्कळ आली. आणि ती अन्यायाची होती, असें आमचें मत आहे. तें येथें सकारण मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

शांताबाई सोलापूर जिल्ह्यांतील दुधनीच्या. त्यांचें गाण्याचें शिक्षण पंढरपुरास महाराष्ट्र संगीत विद्यालयांत झालें. ज्या गांवांत पहांटेपासून टाळ-मृदंगाचा घोष चालतो, तेथें गाणें ही नुसती करमणूक नसते. ती बोलण्याचीच एक रीत असते. कीर्तनकार गातां गातां बोलतो, हात करतो, श्रोत्यांकडे वळतो, आणि गाणें कोठें संपलें व बोलणें कोठें सुरू झालें हें कळूं देत नाहीं. बाईंच्या पुढील कामांत ही रीत आम्हांस जागोजाग दिसते. 1932 सालीं भालजी पेंढारकरांनीं त्यांना 'श्यामसुंदर' ह्या बोलपटांत अगदीं लहान वयांत पडद्यावर आणिलें.

बोलपटाचा तो आरंभकाळ. आमच्या कोल्हापुरांत 1929 सालीं दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी ह्या पांच भागीदारांनीं 'प्रभात' कंपनी काढली होती, आणि 1932 च्या 'अयोध्येचा राजा' ह्या चित्रांत गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे हीं स्वतःच्या गळ्यानें गाइलीं. त्या चित्राचें मोल आम्ही कमी मानीत नाहीं. कोल्हापूरकरांनीं तर मुळींच मानूं नये. परंतु त्यांतील गाण्यावर नाटकाची छाप आहे. पात्र उभें राहतें, कॅमेराही उभा राहतो, आणि पद होतें. 1933 सालीं कंपनी पुण्यास गेली, आणि 1934 च्या 'अमृतमंथन' मध्यें केशवराव भोळ्यांच्या चालींवर शांताबाई गाऊं लागल्या, तेव्हां प्रथमच मान, डोळे आणि हात हीं सुरांबरोबर चालूं लागलीं. गळा पात्राच्या स्वाधीन झाला.

ह्या गुणाची खरी कसोटी 1937 च्या 'कुंकू' मध्यें लागली. नारायण हरि आपटे ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून शांतारामांनीं हें चित्र केलें. 'दुनिया न माने' हें त्याचें हिंदी रूप. मामानें फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशीं लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नास नकार देते, आणि घर सोडून न जातां त्याच घरांत राहून तो नकार रोज पाळते. ह्या चित्रास पार्श्वसंगीत नाहीं. जे ध्वनि कानीं पडतात ते घरांतले व रस्त्यावरचे. गाणाऱ्या नटीची ह्याहून कठीण परीक्षा कोणती? भोंवतीं वाद्यांचा आधार नसतां तिला नुसत्या शब्दानें, पावलानें आणि मौनानें प्रसंग तोलावयाचा असतो. समोर केशवराव दात्यांसारखा जाणता नट काकासाहेबांची व्यथा इतक्या मार्मिकपणें दाखवीत आहे कीं, प्रेक्षकाची सहानुभूति त्या वृद्धाकडे वळण्याचा संभव क्षणोक्षणीं आहे. तरीही नीरेचा पक्ष ढळत नाहीं. ह्याचें श्रेय शांताबाईंच्या आवाजास आहे. गोडव्यास नव्हे, धारेस. सावत्र मुलाच्या पाठींत छडी बसते त्या प्रसंगींचा स्वर आणि लहान मुलींत बसून गातांनाचा स्वर हे एकाच मुलीचे आहेत, हें आम्हांस पटतें.

दोषही सांगितला पाहिजे. अमेरिकन कवि लाँगफेलो ह्यांची 'साम ऑफ लाइफ' ही कविता नीरा इंग्रजींतच गाते. आयुष्यभर इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या आम्हांस ह्यांत कौतुक वाटावयास हवें. परंतु तेथें नीरा क्षणभर दूर सरते आणि उपदेश पुढें येतो. तिच्या नकारांत जें आधींच होतें, त्यास परभाषेच्या साक्षीची गरज नव्हती.

पुढें 1938 च्या 'गोपाळकृष्ण' मध्यें त्या राधा झाल्या. 1939 सालीं करारासंबंधींच्या तक्रारीवरून त्यांनीं 'प्रभात' च्या दारांत उपोषण केलें. एका नटीचा लहरीपणा म्हणून हा प्रसंग हंसण्यावारी नेणें सोपें आहे. परंतु 1940 सालीं त्यांनीं 'जाऊ मी सिनेमांत?' हें पुस्तक लिहिलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या उपोषणाकडे वेगळ्या दृष्टीनें पाहावें लागतें. पडद्यावर नकार देणाऱ्या नीरेस लोकांनीं टाळ्या दिल्या. पडद्याबाहेर नकार देणाऱ्या नटीस तें सुख क्वचितच लाभतें.

येथें एक तुलना उद्बोधक होईल. 1941 च्या तामिळ 'सावित्री' मध्यें शांताबाई सावित्री होत्या, आणि नारदाच्या भूमिकेंत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. सुब्बुलक्ष्मींनीं 'मीरे'ची भूमिका 1945 सालीं केली आणि नंतर चित्रपट सोडून त्या मैफलीकडे परतल्या. जगानें त्यांस भक्तिसंगीताची मूर्ति मानलें. शांताबाईंस असें परतावयास स्थळ नव्हतें, कारण त्यांचें गाणें भूमिकेपासून निराळें काढून मैफलींत मांडण्याजोगें नव्हतें. हिराबाई बडोदेकरांचा शांत, दीर्घ स्वर त्यांच्यापाशीं नाहीं. मैफलीच्या मापानें ही उणीव खरी. पण तें माप त्यांस लावावें काय? 24 फेब्रुवारी 1964 रोजीं त्या मुंबईस वारल्या, तोंवर पार्श्वगायनानें गळा आणि चेहरा ह्यांची फारकत करून टाकली होती.

आज दूरचित्रवाणीवर मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा होतात, आणि त्यांतून अभिनयाकडेही वाट निघते. 'लिटल चॅम्प्स' मध्यें गाइलेल्या आर्या आंबेकर 2017 सालीं 'ती सध्या काय करते' ह्या चित्रपटांत नायिका झाल्या. ह्या नव्या गायिकांविषयीं लिहितांना आमचे टीकाकार पुन्हा तोच प्रश्न विचारतात: गाणें चांगलें कीं अभिनय चांगला? प्रश्नच चुकीचा आहे. विचारावयाचें तें हें कीं, ह्या पात्रास गाण्यावांचून गत्यंतर होतें काय, आणि तें गाणें दुसऱ्या कोणाच्या गळ्यांतून आलें असतें तर हें पात्र उरलें असतें काय. शांताबाईंच्या नीरेविषयीं ह्यांतील दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें निःशंकपणें देतां येतें. आमच्या पडद्यावरील किती भूमिकांविषयीं तसें म्हणतां येईल, ह्याचा विचार वाचकांनींच करावा.