न पाहिलेल्या घरी परतणं : 'तिसऱ्या संस्कृती'च्या सिद्धान्ताची एक तपासणी

मागच्या व्याख्यानात आपण 'परका' या संकल्पनेचा विचार केला होता. गेओर्ग झिमेल १९०८ साली परक्याविषयी काय म्हणाला, तिथपर्यंत आपण आलो होतो. आज त्याच्या शेजारची संकल्पना घ्यायची आहे : 'परत आलेला'. ती नुसती हवेत ठेवली तर आपल्या हाती काही लागत नाही, म्हणून एक ठोस उदाहरण घेऊ. मिशनऱ्यांची मुलं आणि त्यांच्या 'स्वदेशा'तलं शाळेचं एक वर्ष.

हे उदाहरण कशाला, असं काहींना वाटेल. दोन कारणं आहेत. एक म्हणजे या विषयावर एक गाजलेला सिद्धान्त आहे. आज परदेशात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांनाही तो सर्रास लावला जातो, आणि आमच्या मते त्यात एक मोठी गफलत आहे. दुसरं कारण म्हणजे या कथेचा एक धागा थेट मुंबई आणि अहमदनगरमधून जातो.

आधी परिस्थिती समजून घेऊ. 'फर्लो' म्हटलं की आज आपल्याला कैद्याची रजा आठवते. मिशनमध्ये हाच शब्द वेगळ्या रजेसाठी होता. पाच-सात वर्षं परदेशात काम केलं की मिशनरी कुटुंब साधारण वर्षभरासाठी मायदेशी जाई. नाव रजेचं, पण आईवडिलांना विश्रांती कमीच. गावोगावच्या चर्चमध्ये जायचं, कामाचा अहवाल द्यायचा, लोकांचा पाठिंबा आणि पैसा टिकवायचा. आणि मुलं? ती तिथल्या साध्या सरकारी शाळेत. अहमदनगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात आयेच्या कडेवर मराठी शिकलेलं, सहा-सात वर्षांचं झाल्यावर कोडाईकनालच्या किंवा मसुरीजवळच्या लंढोरच्या निवासी शाळेत गेलेलं मूल अचानक ओहायो किंवा मॅसॅच्युसेट्समधल्या वर्गात जाऊन बसायचं. लंढोरची वुडस्टॉक शाळा १८५४ सालची, कोडाईकनालची १९०१ सालची. दोन्ही मुख्यतः अशाच मुलांसाठी उभ्या राहिल्या किंवा वाढल्या.

त्या वर्गात काय होतं, ते बघा. मुलाचा रंग, नाव, भाषा सगळं इतरांसारखं. बाई समजतात, हा आपलाच. पण त्याला नाणी पटकन ओळखता येत नाहीत. बेसबॉलचे नियम माहीत नाहीत. कालचा रेडिओवरचा किंवा टीव्हीवरचा कार्यक्रम माहीत नाही. भूगोलात ते सगळ्यांच्या पुढे असेल, पण डब्याच्या सुट्टीत कुणाशेजारी बसायचं, हे त्याला कळत नाही. शिवाय वर्षभरात आपण जाणार, हे त्याला माहीत असतं आणि वर्गालाही. मैत्री करायची तरी कशाला?

रविवारी याच्या अगदी उलट. चर्चमध्ये आईवडील भाषण करतात आणि मुलाला पुढे उभं करतात. अंगावर बऱ्याचदा 'तिकडचा' पोशाख. "तिकडच्या भाषेत एखादं गाणं म्हणून दाखव." जी मराठी त्याची खेळण्या-भांडण्याची भाषा होती, ती आता प्रदर्शनातली वस्तू. शाळेत वेगळेपण लपवायचं आणि चर्चमध्ये तेच दाखवायचं. दोन्हीकडे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आता सिद्धान्ताकडे येऊ. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचे जॉन आणि रूथ हिल युसीम हे समाजशास्त्रज्ञ दांपत्य भारतात आलं. इथे राहून काम करणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करताना त्यांनी 'तिसरी संस्कृती' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पहिली संस्कृती मायदेशाची, दुसरी यजमान देशाची आणि तिसरी या दोन समाजांत दुवा म्हणून वावरणाऱ्या लोकांनी मिळून घडवलेली. म्हणजे तिसरी संस्कृती ही एका *समूहाची* गोष्ट होती. तिच्यात क्लब, बंगले, निवासी शाळा, खानसामा, आया, पगार आणि सत्ता हे सगळं येतं.

पुढे १९९९ साली डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकन यांचं या मुलांवरचं पुस्तक आलं. व्हॅन रेकन स्वतः नायजेरियात वाढलेल्या, मिशनरी घरातल्या. पुस्तक फार गाजलं, त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. गाजण्याला कारण होतं. हजारो माणसांना आपल्या बालपणातल्या एका अनामिक दुःखाला पहिल्यांदा नाव मिळालं. त्यातली एक कल्पना तर फारच उपयोगी आहे : 'लपलेला स्थलांतरित'. दिसायला सगळ्यांसारखा, विचाराने वेगळा. जो दिसायलाही वेगळा असतो त्याला लोक सवलत देतात, समजावून सांगतात. लपलेल्याला ती सवलत नाही. तो चुकला की लोक परका म्हणत नाहीत, बावळट म्हणतात. हे निरीक्षण अचूक आहे, ते मान्य करून पुढे जाऊ.

आमचा पहिला आक्षेप असा की इथे शब्दाचा अर्थ सरकला. युसीम दांपत्याकडे जी समूहाची संस्कृती होती, ती या पुस्तकात मुलाच्या स्वभावाची लक्षणं झाली. अस्वस्थ असतो, लवकर जुळवून घेतो, मुळं नसतात, दृष्टी व्यापक असते, वगैरे. तर्कशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो की संबंधाला गुणधर्म समजू नका. 'उंच' हा गुण वाटतो, पण 'कुणापेक्षा' हा प्रश्न त्यात दडलेला असतो. 'मुळं नसलेला' हेही तसंच आहे. मुळं नाहीत, की जमिनीने घेतलं नाही?

दुसरा आक्षेप इथूनच निघतो. पुस्तकातले उपाय बहुतांशी जाणाऱ्या-येणाऱ्या कुटुंबाने करायचे आहेत. निघण्यापूर्वी भांडणं मिटवा, ऋण व्यक्त करा, नीट निरोप घ्या, पुढच्या जागेचा विचार करा. सल्ला चांगलाच आहे. पण ज्या वर्गात मूल येऊन बसतं, त्या वर्गाने काय करायचं? तयारीचा भार नेमका सगळ्यात दुबळ्यावर, म्हणजे नऊ वर्षांच्या पोरावर पडतो.

इथे आल्फ्रेड शुट्झची मदत घेऊ. व्हिएन्नाचा हा तत्त्वज्ञ नाझींमुळे देशोधडीला लागून न्यूयॉर्कला पोचला. त्याने १९४४ साली 'परका' आणि १९४५ साली 'परत आलेला' असे दोन निबंध लिहिले. दुसरा निबंध युद्धावरून घरी येणाऱ्या सैनिकांच्या काळातला. त्यात ओडिसियसची आठवण आहे. खलाशांनी त्याला झोपेतच इथाकाच्या किनाऱ्यावर ठेवलं आणि जागा झाल्यावर त्याला आपलीच भूमी ओळखू येईना. शुट्झ भेद करतो तो असा. परका येतो तेव्हा त्याला माहीत असतं की इथलं मला शिकावं लागणार. परत आलेल्याला वाटतं, इथलं मला ठाऊक आहे, फक्त आठवायचं आहे. दोघांचे धक्के वेगळे.

आता आपलं मूल कुठल्या खान्यात बसवायचं? आठवायला त्याच्याकडे काही नाही, म्हणजे खरं तर ते परकं आहे. पण आजी स्टेशनवर म्हणते, "आलास रे बाबा घरी!" बाई म्हणतात, "बरं झालं, परत आलास." अनुभव परक्याचा आणि भूमिका परत आलेल्याची. परक्याला प्रश्न विचारायची मुभा असते. 'परत' आलेल्याने प्रश्न विचारला तर लोक चमकतात. एका शब्दाने, 'परत' या शब्दाने, मुलाचा विचारण्याचा हक्क जातो. आमच्या मते या सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे.

शुट्झ त्या निबंधाच्या शेवटी आणखी एक गोष्ट सांगतो. परत येणाऱ्याची तयारी करून घेण्याबद्दल खूप बोललं जातं, पण घरच्या समूहाचीही तयारी तितकीच करायला हवी. हे १९४५ साली सांगून झालं होतं.

घरच्या समूहाची तयारी म्हणजे काय, ते आपल्याला पुस्तकात शोधायला नको. लालबागला वाढलेला पोरगा गणपतीला कोकणात 'गावी' जातो. तिथे तो कधी राहिलेला नाही, बोलीही धड येत नाही. तरी तो परका होत नाही. का? कारण त्याची जागा ठरलेली असते. आरतीला टाळ कुणी धरायचे, नैवेद्याचं ताट कुणी न्यायचं, हे काकू त्याला सांगते. चुकला तर हसतात, पण हसून दाखवून देतात. आठवण नसली तरी चालतं, काम मिळालं की पुरतं. अर्थात हे दहा दिवसांचं असतं आणि तिथे परीक्षा नसते. शाळेचं वर्ष इतकं सोपं नाही, हे आम्हाला कळतं. पण दिशा कळते.

दोन माणसांची उदाहरणं घेऊ. पर्ल बक १८९२ साली अमेरिकेत जन्मली ती आईवडिलांच्या रजेच्या काळात. काही महिन्यांची असतानाच चीनला गेली आणि तिथेच वाढली. कॉलेजसाठी व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला आली, तेव्हा चीनमध्ये शिवलेल्या कपड्यांत ती विचित्र दिसत होती. तिने कपडे बदलले, चीनबद्दल बोलणं आवरलं आणि पुढे वर्गाची अध्यक्षही झाली. 'जुळवून घेतलं' म्हणून हे उदाहरण देता येईल. पण तिने जुळवून घेतलं ते अर्धं जग बंद करून. त्या जगाचं दार तिने लेखनात पुन्हा उघडलं, आणि आत्मचरित्राच्या नावातही 'अनेक जगं' आली.

दुसरे रॉबर्ट ॲलन ह्यूम. जन्म १८४७, मुंबईत. वडील अमेरिकन मराठी मिशनमध्ये. १८५४ साली मायदेशी जाताना वडील वाटेतच वारले. आईने मुलांना अमेरिकेत वाढवलं. मुलगा येल विद्यापीठात शिकला आणि १८७४ साली अहमदनगरला आला, तो आयुष्याचा बहुतेक काळ तिथेच राहिला. आता सांगा, 'परत' कुठल्या प्रवासाला म्हणायचं? १८५४च्या की १८७४च्या? मिशनच्या हिशेबात पहिला प्रवास घरचा आणि दुसरा कामाचा. त्या माणसाच्या हिशेबात काय होतं, ते ठरवायचा अधिकार हिशेब ठेवणाऱ्याला नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. या सिद्धान्तात मुलाची आया दिसते ती आठवणीत, माणूस म्हणून नाही. मूल एका वर्षासाठी जातं तेव्हा तिचंही एक मूल दुरावतं. तिच्या दुःखाला नाव कुणी दिलं? आणि ज्यांचे आईबाप प्रतिष्ठेच्या नोकरीसाठी हिंडतात त्यांनाच 'जागतिक' मूल म्हणायचं, हे कसं?

त्याच अहमदनगर जिल्ह्यातून, आता अहिल्यानगर म्हणायचं, आणि बीडमधून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. मुलं बरोबर जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर गावच्या शाळेतला वर्ग पुढे गेलेला असतो. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, काहींना त्याचा उपयोगही झाला. पण गावच्या शाळेत ते मूल 'लपलेलं' नसतं का? तेही दिसायला इतरांसारखंच. त्यालाही बाई म्हणतात, "आलास का परत? अभ्यास कुठाय?" मिशनरी मूल आणि ऊसतोड मजुराचं मूल सारखं आहे, असं आम्ही म्हणत नाही. एकाच्या पाठीशी विद्यापीठ उभं असतं, दुसऱ्याच्या पाठीवर कर्ज. पण जो सिद्धान्त पहिल्याचं दुःख टिपतो आणि दुसऱ्याला बघतही नाही, तो स्थलांतराचा सिद्धान्त नव्हे. तो एका वर्गाचा स्वतःविषयीचा वृत्तान्त आहे. वृत्तान्त म्हणून तो मोलाचा आहे, एवढंच.

शेवटी थोडं घरचं. इतका वेळ दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, तेव्हा हे सांगायलाच हवं. चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही अध्यापनासाठी परदेशी होतो. मुलगी लहानपणीच तिकडे गेली होती. परतलो तेव्हा ती नऊ वर्षांची. शाळेत पहिल्याच आठवड्यात तिला मराठीचा धडा मोठ्याने वाचायला लावला. ती जोडाक्षरांत अडकली, वर्ग हसला. घरी येऊन रडली तेव्हा आम्ही काय म्हणालो? "अगं, रडतेस कशाला? आता आपण आपल्या घरी आलोय ना!"

ती रडायची थांबली. आम्हाला वाटलं, समजूत पटली. फार वर्षांनी तिने सांगितलं, "बाबा, त्या दिवशी कळलं की हे तुमचं घर आहे आणि मला इथलं काही विचारायची सोय नाही." तोवर शुट्झ आमचा वाचून झालेला होता, शिकवूनही झालेला होता.

तेव्हा मागणी साधी आहे. नातवंड येईल, बदलीहून शेजाऱ्याचं मूल येईल, कारखान्यावरून टोळीतलं पोर येईल, तेव्हा 'परत आलास' म्हणण्याआधी जरा थांबावं. त्याला विचारावं, इथलं काय माहीत नाही, आणि तिकडचं काय आठवतं. दोन्ही विचारावं. मग त्याला एखादं काम द्यावं. वर्गात असेल तर वर्गातलं, घरात असेल तर घरातलं.

पुढच्या वेळी शुट्झचा 'परका' हा निबंध सविस्तर घेऊ. आता इथे थांबतो. कुणाला प्रश्न असतील तर जरूर विचारा. आज तर विचारायलाच हवेत.