चार वर्षांनी लागलेली कोंडी

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील एडवर्ड ली यांचा ‘द प्रॉब्लेम विथ थ्रेड्स’ हा लेख मे २००६ मध्ये ‘कॉम्प्युटर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांनी तो अवश्य वाचावा. मात्र त्यात सुचवलेला उपाय आम्हाला पुरता पटलेला नाही.

थ्रेड म्हणजे एकाच आज्ञावलीत स्वतंत्रपणे चालणारी कामाची साखळी. मोबाइलवर रेल्वेगाडीची वेळ पाहताना एक थ्रेड पडदा सांभाळतो, बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देतो. दुसरा दूरच्या सर्व्हरकडून माहिती येण्याची वाट पाहत असतो. ही वाट पाहण्याची जबाबदारी पहिल्यावरच टाकली तर पडदा गोठतो. म्हणून थ्रेड दोन. पण आलेली माहिती एकाने दुसऱ्याला द्यायची कशी? दोघांची स्मृती सामाईक असते. एकच हजेरीपट दोन शिक्षकांनी एकदम लिहायला घ्यावा, तसा हा प्रकार आहे. दोघांनीही पटसंख्या ३२ वाचली, दोघांनीही आपापला एक नवा विद्यार्थी मिळवून ३३ लिहिली. खरी संख्या ३४!

यावर पाठ्यपुस्तके कुलपाचा उपाय सांगतात. एकाने कुलूप लावून लिहायचे, दुसऱ्याने ते उघडेपर्यंत थांबायचे. अनेक पुस्तकांत धडा इथे संपतो. ली यांचा लेख मात्र इथून पुढे जातो, आणि तीच त्याची खरी ताकद आहे.

ते अगदी साधे उदाहरण घेतात. एका ठिकाणी एक किंमत साठवली आहे. ती बदलली की यादीतल्या सर्वांना कळवायचे. आपल्या मोबाइलच्या भाषेत बोलायचे तर सर्व्हरकडून नवी वेळ आली की पडद्याला कळवायचे. बदलताना आणि कळवतानाही कुलूप लावून ठेवले, तर काय होईल? माहिती आणणारा थ्रेड किमतीचे कुलूप धरून पडद्याच्या कुलपासाठी थांबेल. त्याच क्षणी पडद्याचा थ्रेड स्वतःचे कुलूप धरून, यादीत नाव घालण्यासाठी किमतीच्या कुलपाची वाट पाहत असेल. दोघेही कायमचे अडकले. बरे, कुलूप लावून यादीची नक्कल घ्यावी, कुलूप उघडावे आणि मग कळवावे, तर कोंडी टळते. पण दोन थ्रेडांनी एकापाठोपाठ ५ आणि ७ या किमती घातल्या तर कळताना आधी ७ आणि मग ५ असे कळू शकते. साठवलेली किंमत ७, पडद्यावर मात्र ५. दहाबारा ओळींच्या आज्ञावलीत एवढे खाचखळगे!

लेखातला सर्वांत बोलका भाग त्यांच्या स्वतःच्या ‘टॉलेमी’ प्रकल्पाचा आहे. पडद्याला आज्ञावलीची रचना कधीही अर्धवट बदललेली दिसू नये, यासाठीचा भाग त्यांच्या गटाने २००० साली लिहिला. जाणकारांनी तो तपासला, चाचण्यांमध्ये त्यातली ओळ न् ओळ चालवून पाहिली. २६ एप्रिल २००४ रोजी, म्हणजे चार वर्षांनी, तो कोंडीत अडकला. ‘चालवून पाहिले, चालते आहे’ असे म्हणून प्रात्यक्षिकाला गुण देणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. ओळी त्याच असतात, पण दोन थ्रेडांची पावले दर वेळी वेगळ्या क्रमाने पडतात, आणि चाचणी त्यांतले मोजकेच क्रम पाहू शकते.

येथवर आम्ही ली यांच्याबरोबर आहोत. पुढे ते थ्रेडांमधला समन्वय लिहिण्यासाठी वेगळ्या भाषांचा आग्रह धरतात. शाळा-महाविद्यालयांत, जिथे एक भाषा शिकवतानाच वर्ष संपते, तिथे याचा उपयोग थोडा. उलट साधी रांग आजच्या प्रचलित भाषांत तयार मिळते. जावात ती २००४ च्या आवृत्तीपासून आहे. माहिती आणणाऱ्याने चिठ्ठी लिहून रांगेत टाकायची, पडद्यावर लिहायचे ते फक्त पडद्याच्या थ्रेडने. हजेरीपट एकट्या कारकुनाकडे, इतरांनी त्याच्या पेटीत चिठ्ठ्या टाकायच्या, असा हा कारभार. ५ आणि ७ ज्या क्रमाने रांगेत गेले त्याच क्रमाने निघतात. आमच्या मते विद्यार्थ्याला आधी ही रांग शिकवावी, कुलूप नंतर.

अर्थात रांगेलाही अटी आहेत, आणि त्याही शिकवायला हव्यात. टाकलेली चिठ्ठी टाकणाऱ्याने पुन्हा खोडायची नाही, नाहीतर सामाईक स्मृतीचा घोळ मागच्या दाराने परत येतो. दोन थ्रेडांनी एकमेकांच्या भरलेल्या पेटीत जागा होण्याची वाट पाहिली तर कोंडी तीच. शिवाय सर्व्हरचे उत्तर उशिरा येते. तोवर वापरणाऱ्याने दुसऱ्याच गाडीची चौकशी सुरू केलेली असते, आणि जुने उत्तर नव्या गाडीच्या नावाखाली झळकते. यासाठी प्रत्येक चिठ्ठीवर ती कोणत्या चौकशीची आहे तो क्रमांक लिहावा, आणि जुळला नाही तर पडद्याच्या थ्रेडने ती चिठ्ठी टाकून द्यावी.