पट कोणी ठरवायचा?

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या तिच्या भागांत सिडकोच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या शेजारी आता पंधरा, वीस आणि त्याहूनही अधिक मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला लिफ्टवाचून घराबाहेर पडता येत नाही. नव्या पद्धतीच्या लिफ्टची माहिती वाचताना 'आपोआप' हा शब्द वारंवार भेटतो. सुरक्षिततेचे संवेदक जाळ्याला जोडले की नियंत्रक त्यांना आपोआप ओळखतो आणि सगळी मांडणी स्वतःच करतो, असा हा दावा आहे. त्यातला कोणता भाग स्वीकारावा आणि कोणता नाकारावा, हे आम्ही येथे तपासणार आहोत.

आधी जुनी पद्धत पाहू. लिफ्टचा दोर तुटण्याची भीती सर्वांनाच वाटते. पण त्यावरचा यांत्रिक उपाय एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दोर कापून दाखवला होता. आजही केबिनचा वेग मर्यादेबाहेर गेला की रुळांना पकडून तिला थांबवणारी यंत्रणा लिफ्टमध्ये असते. मोठा धोका दारांचा असतो. दार उघडे असताना केबिन हलली, किंवा केबिन समोर नसताना मजल्यावरचे दार उघडले, तर माणूस जिवाला मुकतो. म्हणून प्रत्येक मजल्याच्या दाराच्या कुलपात एक विद्युतसंपर्क बसवलेला असतो. हे सर्व संपर्क, केबिनच्या दाराचा संपर्क, वेगमर्यादेचा आणि तळखड्ड्यातील थांबा-कळीचा संपर्क, असे सगळे एकसर जोडणीत असतात. एक जरी उघडला तरी प्रवाह खंडित होऊन लिफ्ट थांबते.

एक विद्युतघट, एक बल्ब आणि चार कळा घेऊन विद्यार्थ्यांना हे वर्गात करून पाहता येईल. या मंडलाचा मोठा गुण असा की तार तुटली तरी परिणाम कळ उघडल्यासारखाच होतो. बिघाड झाला की यंत्र थांबते. कळांचा क्रम बदलला तरीही काही फरक पडत नाही.

मात्र नेमका कोणता संपर्क उघडला, हे हे मंडल सांगत नाही. तंत्रज्ञाला मजल्यामागून मजला तपासत जावे लागते. त्या घाईत एखाद्या संपर्कावर तारेचा तुकडा जोडला जातो आणि तो काढायचा राहून जातो. ही चूक खरोखर घडते, म्हणूनच २०१४ च्या युरोपीय मानकाने, ईएन ८१-२० ने, दारांच्या मंडलातला असा दोष नियंत्रकाने ओळखून लिफ्ट थांबवावी, अशी अट घातली.

जाळ्याच्या पद्धतीत प्रत्येक दाराजवळ एक छोटा इलेक्ट्रॉनिक संवेदक असतो. मोटारगाड्यांसाठी १९८० च्या दशकात बॉश कंपनीने विकसित केलेल्या कॅन या संदेशपद्धतीसारख्या दोन तारांच्या मार्गावरून तो नियंत्रकाशी बोलतो. नियंत्रक ठरावीक क्षणांनी प्रत्येकाची हजेरी घेतो. 'दार बंद' असे उत्तर वेळेत आले नाही, तर लिफ्ट थांबते. मौनाचा अर्थ धोका असा घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. शिवाय बिघाड कोणत्या मजल्यावर आहे, हेही लगेच कळते.

आता 'आपोआप'कडे वळू. पूर्वी प्रत्येक संवेदकाला बारीक कळा फिरवून हाताने क्रमांक द्यावा लागे. दोघांना एकच क्रमांक दिला गेला की घोटाळा होई. कारखान्यातच प्रत्येक संवेदकाला स्वतंत्र क्रमांक मिळाला आणि नियंत्रकाने तो वाचून घेतला, तर ही चूक टळते. दाव्याचा हा भाग आम्ही मनापासून स्वीकारतो.

खरी अडचण पुढेच आहे. समजा, शाळा उघडण्याच्या दिवशी वर्गात जी मुले आली, त्यांचीच नावे शिक्षकांनी पटावर लिहिली. त्या दिवशी घरी राहिलेल्या मुलाचे नाव पटावर येणार नाही आणि मग वर्षभर त्याची गैरहजेरीही लागणार नाही. हजेरी रोज शंभर टक्के दिसेल! संवेदकांची संख्याही नियंत्रकाने स्वतःच ठरवली, तर नेमके हेच घडते. सातव्या मजल्याच्या संवेदकाची जोडणी पहिल्या दिवशी सैल असेल, किंवा दुरुस्तीत तो काढून 'पुन्हा शिका' ही कळ दाबली असेल, तर यंत्र त्याच्याशिवायचे जग पूर्ण मानते. ज्याला हाक मारायचीच नाही, त्याचे मौन कोणाला ऐकू येणार?

अशा यंत्रणांची विश्वसनीयता मोठ्या आकड्यांत सांगितली जाते. आयईसी ६१५०८ या मानकाच्या तिसऱ्या सुरक्षापातळीत धोकादायक बिघाडाची शक्यता दर तासाला एक कोटीत एकापेक्षा कमी असावी लागते. एक कोटी तास म्हणजे सुमारे १,१४० वर्षे. आकडा खरा असला तरी तो पटावरच्या संवेदकांबद्दल बोलतो. पटावर न आलेल्या संवेदकाचा त्या गणितात हिशेबच नाही.

क्रमाचाही प्रश्न आहे. केबिन मजल्याशी समपातळीत आणताना काही लिफ्टमध्ये दार उघडे असूनही थोडी हालचाल करू दिली जाते आणि ती सूट फक्त त्याच मजल्याच्या दारापुरती असते. यंत्राने तिसऱ्या व चौथ्या मजल्याची अदलाबदल केली, तर सूट भलत्याच दाराला मिळेल. एकसर मंडलात निरुपद्रवी असलेला क्रम इथे महत्त्वाचा ठरतो.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर झालेली पटपडताळणी अनेक शिक्षकांना आठवत असेल. तेव्हा पटावर नावे असूनही वर्गात नसलेली मुले शोधायची होती. लिफ्टमधला दोष उलट्या दिशेचा आहे, पण उपाय तोच, म्हणजे मोजणी बाहेरच्या माणसाने करावी. किती दारे आहेत हे इमारतीच्या नकाशावरून माणसाने नियंत्रकाला सांगावे. यंत्राला सापडलेली संख्या तिच्याशी जुळली नाही, तर लिफ्ट सुरूच होऊ नये. त्यानंतर अधिकृत तंत्रज्ञाने एकेका मजल्यावरचे कुलूप उघडून लिफ्ट थांबते का आणि पडद्यावर तोच मजला दिसतो का, हे पाहावे. एका मजल्याला तीन मिनिटे धरली, तर वीस मजल्यांना एक तास लागेल. 'आपोआप'मुळे वाचलेल्या वेळातूनच हा तास काढता येईल.

मुंबई इलाख्यात लिफ्टचा कायदा १९३९ साली झाला आणि महाराष्ट्राने २०१७ साली नवा केला. लिफ्ट चालवण्यासाठी परवाना लागतो आणि तपासणीसाठी निरीक्षक असतो. नियंत्रकाने बनवलेली यादी वाचून ही तपासणी उरकली, तर ती यंत्रानेच यंत्राला दिलेले प्रमाणपत्र ठरेल. गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला एवढेच विचारावे: संवेदक बदलल्यानंतर प्रत्येक दाराची चाचणी घेतली का, आणि तिची मजलावार नोंद कुठे आहे? दाराशी स्वतः खटपट मात्र कोणीही करू नये, मुलांनी तर नाहीच.