यंत्राची साक्ष आणि पंचांचा शब्द

मराठीत ‘पंच’ हा शब्द मोठ्या मानाचा आहे. गावकीतल्या तंट्याचा निवाडा करणारा तो पंच, आणि फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहणारा तोही पंचच. ‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो, तेव्हा पाच माणसांच्या एकमुखी शब्दाला आपण देवत्व देत असतो. आम्ही ज्या हिंदी मुलखात राहतो तेथेही प्रेमचंदांच्या ‘पंच परमेश्वर’ या कथेने हाच भाव घरोघर नेला आहे. त्या आसनावर बसताच माणूस आपले वैर आणि स्नेह दोन्ही विसरतो, अशी ती श्रद्धा. परंतु मनात पक्षपात नसला म्हणजे डोळ्यांना सारे दिसतेच असे नाही. निःपक्षपाती माणसाच्याही नजरेतून गोष्ट निसटते, आणि ती निसटल्याचा पुरावा आज प्रत्येकाच्या खिशात असतो. अशा काळात पंचाच्या शब्दाचे काय करायचे, हा प्रश्न केवळ खेळाचा नाही, म्हणूनच वाङ्मयाला वाहिलेल्या या पानांवर तो मांडण्याचे धाष्टर्य आम्ही करीत आहोत.

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो सांगानेरमध्ये. केंद्र सरकारच्या एका कचेरीत आम्ही कारकुनी करतो. रविवारी घराजवळच्या मोकळ्या जागेवर मुले फुटबॉल खेळतात. त्यांत कापडावर ठसे उमटवणाऱ्या छिप्यांची मुले असतात, तशी सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी सांगली जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबांतलीही असतात. आमचे बालपण कोल्हापुरात गेले, एवढ्याच पात्रतेवर त्यांनी एकदा आमच्या हाती शिट्टी दिली. तालमींच्या नावांनी संघ उतरवणाऱ्या, पेठापेठांतून फुटबॉलवर वाद घालणाऱ्या त्या गावचा माणूस पंच व्हायला नको कसा म्हणणार? अखेरच्या क्षणी एक गोल झाला, आम्ही तो दिला, आणि सामना संपला. हरलेल्या बाजूचा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा मोठ्या भावाचा मोबाइल घेऊन आला. गोलापूर्वी चेंडू रेषेबाहेर गेलेला त्यात स्पष्ट दिसत होता. “काका, बघा ना,” एवढेच तो म्हणाला. आम्ही पाहिले, आणि “पंचांचा निर्णय अंतिम असतो” असे सांगून मोबाइल परत केला. ते वाक्य नियमाला धरून होते. ते न्यायाला धरून होते काय, याचा विचार आम्ही त्या दिवसापासून करीत आहो.

मुलांच्या खेळात जे घडले तेच मोठ्या माणसांच्या खेळात, साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत घडले होते. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे भारत आणि कतार यांच्यात विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना झाला. भारत तो जिंकता, तर पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत त्याचा पहिल्यांदाच प्रवेश झाला असता. ३७ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटे याने गोल केला. त्या वेळी तो मुंबई सिटी संघाकडून खेळत असल्याने मुंबईकरांना त्याचे विशेष कौतुक. ७३ व्या मिनिटापर्यंत भारत पुढे होता. तेव्हा कतारचा एक हेडर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवला. चेंडू त्याच्याजवळून निसटून गोलखांबाच्या बाजूने अंतिम रेषेपार गेला. कतारच्या एका खेळाडूने तो पायाने मागे ओढला आणि युसूफ आयमेनने जाळ्यात मारला. आपले खेळाडू चेंडू बाहेर गेला म्हणून थांबले होते. पंच थांबले नाहीत, त्यांनी गोल दिला. पुढे ८५ व्या मिनिटाला कतारने आणखी एक गोल केला, आणि भारत २-१ असा हरला. त्या सामन्यात व्हिडिओवर पडताळणी करण्याची सोय नव्हती. घरी बसलेल्या प्रेक्षकाला जे दिसले ते पाहण्याचा अधिकार फक्त एकाच माणसाला नव्हता, आणि निर्णय द्यायचा होता तो त्यानेच.

याच कतार देशात दीड वर्षापूर्वी, १ डिसेंबर २०२२ रोजी, विश्वचषकात जपान आणि स्पेन समोरासमोर आले होते. तेथेही चेंडू अंतिम रेषेपर्यंत गेला. मितोमाने तो मागे फिरवला आणि तानाकाने गोल केला. मैदानावरचा पहिला निर्णय चेंडू बाहेर गेल्याचा होता. परंतु नियम असा की, संपूर्ण चेंडू रेषेपार गेल्याखेरीज तो बाहेर ठरत नाही. जमिनीला टेकलेला भाग रेषेपलीकडे असला, तरी चेंडूच्या गोलाईचा किंचित अंश वरून रेषेवर येत असेल, तर चेंडू खेळातच असतो. मानवी डोळ्याला हे ठरवणे जवळजवळ अशक्य. कॅमेऱ्यांनी ते ठरवले, गोल मान्य झाला, जपान २-१ असा जिंकून गटात पहिला आला, आणि जर्मनीसारखा बलाढ्य संघ स्पर्धेबाहेर पडला.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. देश तोच, नियम तोच, रेषाही तशीच पांढरी. एका ठिकाणी डोळ्याला न दिसणारा अंश यंत्राने शोधून काढला. दुसऱ्या ठिकाणी साऱ्यांना दिसणारी गोष्ट कोणी विचारात घेतली नाही. तेव्हा ‘यंत्र हवे की माणूस हवा’ हा जो वाद आपल्याकडे हौसेने घातला जातो, तो मूळ मुद्द्याला सोडून आहे असे आम्हांस वाटते. खरा मुद्दा साक्षीचा आहे. कोणाच्या खटल्यात साक्षीदार बोलवायचा आणि कोणाच्या खटल्यात नाही, हे आजवर सामन्याच्या मोलावरून ठरत आले. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत २०१८ पासून ही सोय आहे. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये आणि जयपूरचा राजस्थान युनायटेड ज्या आय-लीगमध्ये खेळत आला तीमध्ये, २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंत ती आलेली नव्हती.

तथापि यंत्र आले म्हणजे तंटा मिटला, असे मानणारेही भाबडेच. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरच्या श्री कंठीरव मैदानावर बंगळूर आणि केरळ ब्लास्टर्स यांच्या बाद फेरीच्या सामन्यात जादा वेळेत फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू अजून भिंत रचीत होते, तोच सुनील छेत्रीने चेंडू जाळ्यात पाठवला. पंचांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान व्हुकोमानोविच यांनी आपला संघ मैदानाबाहेर नेला, आणि सामना बंगळूरचा ठरला. पुढे केरळ संघाला चार कोटी रुपये दंड झाला, प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. आता येथे कॅमेरा काय सांगणार? चेंडू कोठे होता, खेळाडू कोठे होते, हे तो सांगेल. परंतु वाद होता तो पंचांनी थांबण्यास सांगितले होते की तत्काळ खेळण्यास मोकळीक दिली होती, याचा. तो दोन माणसांमधल्या शब्दाचा वाद होता. चित्राला शब्द ऐकू येत नाही.

आणि शब्द ऐकू आला तरी त्याचा अर्थ चुकू शकतो. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात लुइस दियासने गोल केला. साहाय्यक पंचाने ऑफसाइडचा झेंडा उचलला. पडद्यापुढे बसलेल्या पंचांनी रेषा आखून पाहिल्या, खेळाडू ऑफसाइड नव्हता. यंत्राने आपले काम बिनचूक केले. परंतु मैदानावर गोल दिला गेला आहे, अशी पडद्यापुढच्या पंचांची समजूत होती. ‘तपासणी पूर्ण झाली’ असे त्यांनी कळवले. मैदानावरच्या पंचांनी त्याचा अर्थ ‘तुमचा निर्णय बरोबर’ असा घेतला, आणि गोल रद्दच राहिला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जाण्यास नियमाची मुभा नव्हती. लिव्हरपूल २-१ असा हरला. मराठी माणसाला येथे ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची आठवण होईल. फरक इतकाच की, येथे अक्षर कोणी बदलले नव्हते, बदलला तो त्या अक्षरामागचा अर्थ. आम्हां कारकुनांना ही चूक फार ओळखीची आहे. टिपणी शुद्ध असते, शेरा शुद्ध असतो, फक्त शेरा मारणाऱ्याने टिपणी दुसऱ्याच प्रकरणाची समजलेली असते.

या प्रसंगांवरून आम्हांस पंचनिर्णयाचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. एक वस्तुस्थितीचा : चेंडू रेषेपार गेला काय, खेळाडू ऑफसाइड होता काय. दुसरा अर्थनिर्णयाचा : हाताला चेंडू लागला तो अपराध होता काय, धक्का निष्काळजीपणाचा होता की हिंसेचा. पहिल्यात यंत्राला अग्रमान द्यावा. दुसऱ्यात त्याने साहाय्य करावे, पण आसनावर बसू नये. नियम करणाऱ्यांनाही हा भेद ठाऊक आहे. धक्का कोठे लागला हे पाहण्यासाठी मंद गतीचे चित्र वापरावे, परंतु त्याचा जोर जोखण्यासाठी मूळ गतीचेच पाहावे, असे त्यांचे मार्गदर्शन आहे. कारण मंद गतीत प्रत्येक धक्का बुद्ध्या मारल्यासारखा दिसतो. साहित्यसमीक्षकाने हे वाक्य लिहून ठेवावे. कवितेचा एकेक शब्द सुटा करून तपासला, म्हणजे वृत्तदोष नेमका सापडतो. पण कविता कशी आहे हे तिच्या स्वाभाविक लयीत वाचूनच कळते.

यंत्राविरुद्धचा एक आक्षेप मात्र आम्ही हलका मानीत नाही. गोल झाला की प्रेक्षक उठून उभा राहतो, तो आनंद आता गहाण पडतो. पडद्यापुढची तपासणी संपेपर्यंत नाचावे की बसावे, हे कळेनासे होते. नाट्यगीताची तान समेवर आली की दाद आपोआप निघते. तान सुरात होती काय याचा निकाल येईपर्यंत थांबा, असे कोणी सांगू लागला, तर मैफल उरणार नाही. हे सारे खरे. तरीही एका बाजूला क्षणभर लांबलेला आनंद आणि दुसऱ्या बाजूला दोह्यात कायमची हुकलेली संधी, अशी तुलना केली, तर आमचे मन दुसऱ्या बाजूने झुकते. आनंद दोन मिनिटांनी परत मिळतो. तो सामना परत मिळाला नाही.

आणि साक्ष मागितल्याने पंच लहान होतो, हा तर निव्वळ भ्रम आहे. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बन येथे कसोटी क्रिकेटमध्ये पहिल्यांदाच एका फलंदाजाला दूरचित्रवाणीवरील चित्र पाहून धावबाद ठरवण्यात आले. तो फलंदाज होता सचिन तेंडुलकर. मैदानावरच्या पंचाने ‘मला नीट दिसले नाही, पाहून सांगा’ असा निरोप धाडला, त्यात त्याच्या अधिकाराला कोणता बाध आला? आज क्रिकेटमध्ये त्या कृतीविषयी कोणी शंकाही घेत नाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. डझनावारी कॅमेरे आणि वेगळी खोली आपल्या मैदानांना परवडणार नाही, असे सांगितले जाते. परंतु २०२४ साली कोलंबियात झालेल्या वीस वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात एक साधी पद्धत आजमावण्यात आली. तीत पडद्यापुढे वेगळा पंच नसतो. प्रशिक्षकाला ठरावीक प्रसंगी फेरतपासणी मागता येते, आणि मैदानावरचा पंच कडेच्या पडद्यावर स्वतः पाहून निर्णय देतो. कॅमेरे थोडे असले तरी भागते. ही पद्धत आमच्या मते आपल्या परंपरेला अधिक जवळची. फिर्यादीने तक्रार मांडावी, पंचाने पुरावा स्वतः पाहावा आणि शब्दही त्यानेच द्यावा. आपल्या स्पर्धांच्या चालकांनी हिचा विचार करण्यास प्रत्यवाय नसावा.

मोठ्या पद्धतीत तर एक गंमतच झाली आहे. मैदानावरचा मुख्य पंच, दोन साहाय्यक, कडेचा चौथा, आणि पडद्यापुढचा व्हिडिओ पंच, अशी मोजदाद केली तर संख्या पाच भरते. एकट्या माणसाला आपण इतकी वर्षे पंच म्हणत आलो. आता खरोखरच पाच झाले. त्यांच्या मुखी परमेश्वर येतो की नाही, हे मात्र त्या पाचांनी एकमेकांचे नीट ऐकण्यावर आहे. लंडनच्या प्रसंगाने तेवढे शिकवले.

आमच्या सांगानेरच्या सामन्याविषयी आता सांगून टाकतो. त्या मुलाला आम्ही जे उत्तर दिले त्यात नियमाचा आदर नव्हता, चूक दिसूनही ती कबूल न करण्याचा वडीलधाऱ्याचा अहंकार होता. येथले छिपे कापडावर ठसा मारतात. एकदा उमटलेला ठसा पुसता येत नाही, म्हणून ते तो टेकवण्यापूर्वी दोनदा पाहतात. आम्ही पाहिले ते ठसा उमटल्यावर. पुढच्या रविवारी सर्व मुलांसमोर आम्ही सांगितले, की मागचा गोल गोल नव्हता. निकाल बदलला नाही, कारण सामना संपला होता. जिंकलेल्या मुलांनी थोडी कुरकुर केली. मोबाइलवाला मुलगा काही बोलला नाही, फक्त आमच्या हाती पुन्हा शिट्टी देऊन मैदानात पळाला.