दाताचे हाड होते का?

काढलेला दात दळून त्याच रुग्णाच्या जबड्यात हाडाच्या जागी भरता येतो. ही माहिती अलीकडे ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशा शब्दांत सांगितली जाते. शब्द आकर्षक आहेत. पण आम्हांला ते दिशाभूल करणारे वाटतात.

यामागचे शास्त्र खोटे नाही. दाताच्या आतील डेंटीनमध्ये वजनाने सुमारे 70 टक्के खनिज, 20 टक्के सेंद्रिय द्रव्य (मुख्यतः कोलॅजेन) आणि 10 टक्के पाणी असते. हाडाची घडण याच्या जवळपास जाणारी आहे. खनिज काढलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले, तर तेथे नवे हाड तयार होते, हे मार्शल युरिस्ट यांनी 1965 साली दाखवले. 1967 साली डेंटीनबाबतही तेच दिसून आले. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले की वाकते. त्यातले खनिज जाते, कोलॅजेन उरते. हा प्रयोग वर्गात सहज करता येईल.

मात्र दाताचे हाड होत नाही. दाताची भुकटी गवंड्याच्या परांचीसारखी असते. तिच्या आधाराने नवे हाड वाढते आणि भुकटी हळूहळू शोषली जाते. शिवाय दाताचा किडलेला भाग व जुने भरण आधी काढून टाकावे लागते. पुरता किडलेला दात म्हणूनच फारसा उपयोगी पडत नाही. अक्कलदाढेसारखा निरोगी दात पडतो. माणसांवरील बरेचसे अभ्यास थोड्या रुग्णांवर झालेले आहेत, हेही सांगायला हवे.

आता हा उपाय कोणासाठी, ते पाहू. दात काढल्यावर जबड्याची कड झिजते. ती राखून पुढे कृत्रिम दात रोवण्यासाठी ही भुकटी मुख्यतः वापरतात. त्याला पैसा लागतो, महिने लागतात, खेपा घालाव्या लागतात. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून दाढ ठणकत सातपुडा उतरणाऱ्या माणसाला ते कसे परवडावे? त्याची दाढ मुळात टाकाऊ नव्हती. लहानशी कीड असताना ती भरली गेली नाही, म्हणून टाकाऊ झाली.

शिक्षकांनी ही माहिती वर्गात जरूर सांगावी. पण काढलेले दात गोळा करायला लावू नयेत. तो जैववैद्यकीय कचरा आहे. त्याऐवजी मुलांना विचारावे, ‘हा दात वाचवता आला असता का?’